आवाजाला भिणारं कुत्रं आणि आपलं घर

कर्जाचे हप्ते, रजिस्टर, बँकेची कामं यांवर आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण दारातल्या कुत्र्याबद्दल बोलणार आहोत. फटाके, डीजे, ढगांचा गडगडाट असा मोठा आवाज झाला की कुत्रं का थरथरतं, त्या वेळी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे समजून घेऊ.

बचत गटाच्या बायकांनी कुत्र्याची चर्चा कशाला करायची, असं कुणाच्या मनात येईल. पण हा विषय आमच्याकडे एका बैठकीतूनच आला. चाकणच्या बाजूच्या एका गटातल्या ताई कंपनीत कामाला जातात. दुसरी पाळी सुटली की बस त्यांना फाट्यावर सोडते. तिथून घरापर्यंतचा रस्ता अंधाराचा. त्यांचं कुत्रं रोज फाट्यावर येऊन बसायचं आणि त्यांच्यासोबत घरी यायचं. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत मोठ्या माळा लागल्या. कुत्रं घाबरून साखळी तोडून पळालं आणि सकाळी हायवेच्या कडेला मरून पडलेलं सापडलं. आता तो रस्ता त्या एकट्या चालतात. बैठकीत त्यांनी एवढंच विचारलं, की हे टाळता आलं असतं का? टाळता येतं. कसं, ते आज सांगतो.

आपल्याकडे कुत्रं हे नुसतं हौसेचं जनावर नाही. घरातले सगळे पाळीवर गेले की घर तेच राखतं. शेळ्या, कोंबड्या तेच राखतं. वस्तीवर बिबट्या आला तर पहिलं तेच भुंकतं. आपल्या खेड तालुक्यात निमगावला खंडोबा आहे. खंडोबाच्या तसबिरीत घोड्यासोबत कुत्रं असतंच. म्हणजे त्याला मान पूर्वीपासूनच आहे. फक्त त्याच्या भीतीकडे आपलं लक्ष जात नाही.

आता आपल्या भागातला आवाज बघा. आपल्याला वाटतं, दिवाळीचे चार दिवस फटाके, की संपलं. तसं नाही. चैत्र-वैशाखात गावोगावी यात्रा. यात्रेत शोभेची दारू, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर भोंगे. त्याच दिवसांत लग्नसराई, म्हणजे बँड, डीजे आणि वरातीतले फटाके. मे महिन्यात वळीव, ढगांचा गडगडाट आणि पत्र्यावर गारांचा मारा. भाद्रपदात गणपती, ढोल-ताशा. मग नवरात्र, दसरा, दिवाळी, तुळशीचं लग्न. पुढं ३१ डिसेंबरची रात्र. मध्येच निवडणुकीचा गुलाल आणि क्रिकेटचा सामना जिंकल्याचे फटाके. मोशीच्या बाजूला दगडखाणींचे सुरुंग आहेतच. थोडक्यात, आपल्या पट्ट्यात कुत्र्याला घाबरवणारा आवाज वर्षभर चालू असतो.

इथं एक प्रश्न तुम्हाला पडला असेल. भोसरीत, चाकणात, तळवड्यात कंपनीच्या गेटवर कुत्री निवांत झोपलेली असतात. आत प्रेस मशीन धडधडत असते, बाहेर कंटेनर आणि ट्रेलर जात असतात, पण कुत्रं कानही हलवत नाही. मग एका सुतळी बॉम्बला तेच कुत्रं शेपूट घालून का पळतं?

कारण सोपं आहे. मशीनचा आवाज एकसारखा असतो. तो रोज त्याच ठिकाणाहून येतो आणि त्यातून कुत्र्याला काही इजा झालेली नसते. त्याची सवय होते. फटाक्याचं तसं नाही. तो अचानक फुटतो. कधी फुटेल, कुठून आवाज येईल, किती वेळ चालेल, काहीच कळत नाही. सोबत उजेड, धूर आणि दारूचा उग्र वास. आपल्याला माहीत असतं की आज सण आहे. कुत्र्याला कॅलेंडर कळत नाही. त्याच्या दृष्टीनं ते संकटच असतं.

त्यात त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणजे एका सेकंदात २० हजार वेळा होणारी कंपनं. कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचं ऐकू येतं. आपल्याला ज्या आवाजांचा पत्ताही लागत नाही, ते त्याला ऐकू येतात. कधीकधी पाऊस लांब असतानाच ते बेचैन होतं आणि आपण म्हणतो, याला उगाच काय झालं!

भीती वाटली की शरीरात काय होतं तेही पाहू. आपल्यासमोर अचानक साप आला तर छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय थरथरतात. कुत्र्याचंही तसंच होतं. पळ किंवा लढ, असा हुकूम शरीर देतं. रक्तात कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक वाढतं. ढगांच्या गडगडाटाला भिणाऱ्या कुत्र्यांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. त्यात आवाज थांबून ४० मिनिटं झाली तरी ताणाचं प्रमाण मूळ जागी आलेलं नव्हतं. म्हणजे फटाका एका क्षणात विझतो, पण कुत्र्याच्या अंगातली भीती तशी विझत नाही. दर दहा मिनिटांनी एक माळ लागत असेल, तर त्याला रात्रभर उसंत मिळत नाही.

काही जण म्हणतात, होईल सवय, दोन-चार दिवाळ्या जाऊ द्या. काही कुत्र्यांना होतेही. पण बऱ्याच कुत्र्यांचं उलटं होतं. दरवर्षी भीती वाढत जाते. आधी फक्त बॉम्बला भिणारं कुत्रं पुढच्या वर्षी टिकल्यांच्या आवाजाला भितं, मग दार आपटलं तरी दचकतं. म्हणून सवय होईल म्हणून सोडून देऊ नका.

भीती ओळखायची कशी? थरथरणं आणि पळणं सगळ्यांना कळतं. पण त्याच्या आधीच्या खुणा असतात. कान मागं जातात. शेपूट पोटाखाली जाते. झोप आलेली नसताना वारंवार जांभया येतात. समोर खाणं नसताना जीभ ओठांवरून फिरते. ऊन नसताना धाप लागते, लाळ गळते. इकडून तिकडं येरझाऱ्या घालतं. खाटेखाली, न्हाणीत, गाडीखाली शिरतं. माती उकरतं, दार ओरबाडतं. आवडता तुकडा टाकला तरी खात नाही. घरातच लघवी करतं. या खुणा दिसल्या की समजा, ते घाबरलंय. ते खोड्या करत नाही आणि हट्टही करत नाही.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. सण नाही, पाऊस नाही, कसलाही मोठा आवाज नाही, तरी कुत्रं प्रत्येक लहान आवाजाला आणि उजेडाला बिथरतंय, वागणं एकाएकी बदललंय, जबडा लोंबतोय, सारखी लाळ गळतेय, घशाचा आवाज बदललाय, समोर येईल त्याला चावायला धावतंय, तर ती रेबीजची, म्हणजे पिसाळल्याची लक्षणं असू शकतात. अशा कुत्र्याला जवळ घेऊ नका, पाणी पाजायला जाऊ नका. मुलांना आत घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा ग्रामपंचायतीला, शहरात असाल तर महापालिकेला कळवा.

आणि म्हातारं कुत्रं आयुष्यभर आवाजाला भ्यायलं नाही, पण अलीकडे भ्यायला लागलं, तर त्याच्या अंगात कुठं दुखणं आहे का ते बघा. सांधे दुखत असतील तर दचकल्यावर अंग आखडतं, कळ येते आणि आवाज म्हणजे कळ असं त्याच्या मनात बसतं. अशा कुत्र्याला आधी डॉक्टरांना दाखवायचं.

आता उपाय. यातल्या बहुतेक उपायांना पैसे लागत नाहीत.

पहिला उपाय म्हणजे लपायला जागा. घाबरलेल्या जनावराला बिळासारखी जागा हवी असते. खाटेखाली जुनी गोधडी किंवा पोतं अंथरा आणि बाजूनं चादर सोडा. एकाच खोलीत राहत असाल तर न्हाणीचा कोपरा चालतो. घरात कुत्रं घेत नसाल, सासूबाईंना ते चालत नसेल, तर पडवीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद अशी जागा करा. पत्र्याच्या घरात आवाज जास्त घुमतो, म्हणून जागा शक्य तितकी खाली, भिंतीच्या आणि सामानाच्या आडोशाला असावी. ही जागा सणाच्या आधी पंधरा दिवस तयार ठेवा. तिथं रोज थोडी भाकरी द्या, म्हणजे ती जागा त्याला आपली वाटेल. ते तिथं शिरलं की ओढून बाहेर काढायचं नाही. मुलांनाही हे सांगा.

दुसरा उपाय वेळापत्रकाचा. फटाके अंधार पडल्यावर सुरू होतात. त्या आधी, दिवस असतानाच त्याला फिरवून आणा, लघवी-शी उरकू द्या आणि जेवण द्या. पाणी जवळ ठेवा, कारण धापेनं तहान लागते. मग आत घ्या आणि दारं-खिडक्या लावा.

तिसरा उपाय, आवाजावर आवाज. पंखा लावा, टीव्ही किंवा रेडिओ रोजच्यासारखा चालू ठेवा. आपलाच कार्यक्रम लावलात तरी चालेल! रेडिओ मोठ्यानं लावायची गरज नाही. बाहेरचा धमाका थोडा बोथट व्हावा, एवढाच हेतू. खिडकीला जाड पडदा किंवा चादर लावली तर उजेडाचे लखलखाटही कमी दिसतात.

चौथी गोष्ट साखळीची. आवाजाच्या रात्री कुत्र्याला बाहेर साखळीनं बांधून ठेवणं सगळ्यात धोक्याचं. ते जिवाच्या आकांतानं ओढतं. गळ्याला फास बसू शकतो, नाही तर साखळी तुटते आणि ते हायवेला लागतं. बंद दाराआड मोकळं ठेवा. गळ्यात पट्टा मात्र राहू द्या आणि पट्ट्यावर आतून-बाहेरून तुमचा मोबाइल नंबर न पुसणाऱ्या शाईनं लिहा. हरवलं तर कोणीतरी फोन करेल. कुत्र्याचा एक स्पष्ट फोटोही मोबाइलमध्ये असू द्या.

पाचवी गोष्ट आपल्या वागण्याची. बऱ्याच जणींचा समज असतो, की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते लाडावतं आणि आणखी भित्रं होतं. हा समज चुकीचा आहे. वीज कडाडली आणि लेकरू आईला बिलगलं, आईनं पाठीवरून हात फिरवला, तर लेकराची भीती वाढते का? नाही वाढत. भीती ही मनाची अवस्था आहे. ते काही बक्षिसासाठी केलेलं नाटक नाही. कुत्रं आपणहून जवळ आलं तर बसू द्या, हळू आवाजात बोला, छातीवर, खांद्यावर सावकाश हात फिरवा. त्याला एकटं पडून राहायचं असेल तर तसं राहू द्या. आपण मात्र शांत राहायचं. आपणच आरडाओरडा केला तर त्याला वाटतं, खरंच काहीतरी संकट आहे.

मारणं, रागावणं, तोंड दाबणं तर अजिबात नको. भुंकलं म्हणून फटका मारला, तर आवाजाच्या भीतीत माराची भीती मिसळते. आणि भेदरलेलं कुत्रं ओळखीच्या माणसालाही चावू शकतं. लहान मुलांना त्या वेळी त्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका.

सहावा उपाय खाऊचा आहे आणि तो फार कामाचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या एका संशोधिकेनं बाराशेहून जास्त कुत्रेवाल्यांना विचारलं, की फटाक्यांच्या भीतीवर तुम्ही काय केलं आणि कशाचा गुण आला. हा अभ्यास २०२० साली छापला गेला. त्यात प्रत्येक आवाजानंतर लगेच खाऊ देणाऱ्या किंवा खेळवणाऱ्यांपैकी १०० पैकी सुमारे ७० जणांनी फरक पडल्याचं सांगितलं. करायचं असं. बाहेर धमाका झाला, की लगेच अंड्याचा, चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यायचा. पुन्हा धमाका, पुन्हा तुकडा. क्रम महत्त्वाचा. आधी आवाज, मग खाऊ. हळूहळू त्याच्या मनात बसतं, की आवाज झाला म्हणजे काहीतरी चांगलं मिळणार. फार घाबरल्यामुळे ते खातच नसेल तर जबरदस्ती करू नका. त्या रात्री लपू देणं हाच उपाय.

हेच काम सणाच्या आधीपासून केलं तर जास्त गुण येतो. मोबाइलवर फटाक्यांचा किंवा ढोलाचा आवाज लावा. अगदी बारीक, इतका की कुत्र्याचा फक्त कान हलेल. लगेच खाऊ द्या. रोज पाच मिनिटं पुरे. दोन-तीन दिवस ते निवांत राहिलं की आवाज एक घर वाढवा. खाणं थांबवलं, उठून गेलं, तर समजा आवाज जास्त झाला, पुन्हा खाली या. घाई केली तर उलटा परिणाम होतो. याला काही आठवडे लागतात. म्हणून दिवाळीची तयारी गणपतीतच सुरू करा.

कोणी पिल्लू आणणार असेल तर आणखी सोपं. पिल्लाचे कान जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी उघडतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत त्याचं मन सगळं शिकायला तयार असतं. त्या काळात भांड्यांचा आवाज, मिक्सर, मोटरसायकल, दूरचा ढोल असे आवाज हळूहळू, खेळता-खाता त्याच्या कानावर पडू द्या. पण त्याच वयात कोणी गंमत म्हणून जवळ फटाका फोडला, तर ती धास्ती जन्मभर राहू शकते.

अंगाला कापड गुंडाळण्याचा उपाय काही जणी करतात. जुनी सुती ओढणी छातीभोवती आणि पाठीवरून हलक्या दाबानं गुंडाळायची. काही कुत्र्यांना त्यानं बरं वाटतं, काहींना नाही. आधी शांत दिवशी करून बघा. श्वासाला अडथळा नको, आणि ते काढायची धडपड करत असेल तर काढून टाका.

आता औषधांचं. काही कुत्र्यांची भीती इतकी असते, की वरच्या उपायांनी भागत नाही. ते दारावर आपटून रक्त काढून घेतं, दोन-दोन दिवस खात नाही. त्यांच्यासाठी पशुवैद्यांकडे औषधं आहेत. पण ती भीती सुरू होण्याआधी द्यावी लागतात. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धावू नका, पंधरा दिवस आधी दाखवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा. डॉक्टरांना हेही विचारा, की औषधानं भीती कमी होणार की नुसती गुंगी येणार. नुसत्या गुंगीच्या औषधानं कधीकधी शरीर पडून राहतं, पण आत भीती तशीच असते.

घरातली माणसांची गोळी मात्र कधीच देऊ नका. झोपेची गोळी, तापाची पॅरासिटामॉल, अंगदुखीची आयब्रुफेन यांनी कुत्र्याच्या जिवाला धोका होतो. दारू, भांग पाजण्याचे गावठी उपाय तर जीवघेणे. दिवाळीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. चॉकलेट आणि मनुके, बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. शेवयांच्या खिरीतले बेदाणे प्रेमानं त्याच्यापुढं टाकू नका. आणि सकाळी अंगण झाडताना न फुटलेले फटाके, दारूची पुडकी उचलून पाण्यात भिजवा. कुत्रं ते चघळतं आणि त्यातली रसायनं पोटात जातात.

इतकं करूनही कुत्रं पळालंच तर? मागं धावू नका, ते आणखी पळतं. ते बहुतेक वेळा जवळच कुठंतरी दडून बसतं. कोरडी गटारं, नळे, उसाचं रान, रस्त्याकडेला उभे ट्रेलर यांखाली बघा. आवाज थांबल्यावर पहाटे शोधा. लांबूनच खाली बसा, नेहमीच्या नावानं हळू हाक मारा, खाऊ दाखवा. गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाका. घरातली माणसं ट्रक, टेम्पो, रिक्षा चालवत असतील तर त्यांना सांगा, सणाच्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी चाकाखाली एकदा वाकून बघा.

ही भीती फक्त कुत्र्यापुरती नाही. जवळ फटाका फुटला तर गायही पान्हा चोरते. घाबरल्यावर दूध सोडणारं संप्रेरक नीट काम करत नाही, आणि तुमच्या डेअरीच्या मापात ते दिसतं. घरातलं तान्हं बाळ, आजारी सासरे, रात्रपाळी करून झोपलेला माणूस, सगळ्यांनाच त्याचा त्रास आहे. म्हणून गट म्हणून आपण याबद्दल बोलायला हवं, आणि कायदाही आपल्या बाजूनं आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम देशात २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शाळा, दवाखाना यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी कमी. फटाक्यासाठी ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल ही कमाल मर्यादा ठरवलेली आहे. डेसिबलचा हिशेब असा, की १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट झाली. यावरून ५५ आणि १२५ मध्ये केवढं अंतर आहे ते बघा. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवायला बंदी केली. २०१८ साली न्यायालयानं दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली. हरित फटाके आले ते प्रामुख्यानं धूर कमी करायला. आवाज त्यांचाही होतोच, त्यामुळे हरित आहे म्हणून कुत्र्याजवळ फोडायचा नाही.

कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणं, अंगावर फटाका फेकणं ही गंमत नाही, गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला मारलं किंवा जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या पोरांना पोलिसांनी समजावण्याआधी आपण समजावलेलं बरं. कोणी ऐकतच नसेल, रात्री १० नंतर धमाके चालूच असतील, तर ११२ वर फोन करता येतो.

तरी तक्रारीआधी बोलणं चांगलं, कारण राहायचं सगळ्यांना एकाच गल्लीत आहे. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत एक विषय ठेवा. ग्रामसभेत किंवा सोसायटीत, मंडळाच्या पोरांसमोर तीन गोष्टी मांडा. फटाके वाजवायची एक मोकळी जागा ठरवावी, गोठ्यांपासून आणि घरांपासून लांब. वेळ ८ ते १० पाळावी. आणि सुतळी बॉम्बऐवजी भुईनळे, फुलबाज्या आणाव्यात. सण बंद करा असं आपण म्हणत नाही. वेळ आणि जागा ठरली की आपल्यालाही कळतं, कुत्रं कधी आत घ्यायचं ते.

गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांना घर नसतं. त्यांच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवा, जिन्याखाली किंवा शेडच्या कोपऱ्यात दडली असतील तर हाकलू नका. पण भेदरलेल्या अनोळखी कुत्र्याला हात लावायलाही जाऊ नका.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घाबरलेलं कुत्रं चावलं, नुसता ओरखडा उठला, घरचं असलं तरी, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग थेट सरकारी दवाखाना गाठा. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. इंजेक्शनचे जेवढे डोस सांगतील तेवढे पूर्ण करा. रेबीज एकदा उलटला की त्यावर इलाज नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. आणि आपल्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

तर मैत्रिणींनो, या बैठकीच्या वहीत पाच ओळी लिहून घ्या. लपायला जागा आजपासून तयार. पट्ट्यावर मोबाइल नंबर. अंधाराआधी फिरवणं आणि जेवण. आवाजाच्या रात्री साखळी नाही, मार नाही. आणि प्रत्येक धमाक्यानंतर एक तुकडा. ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांनी शेजारणीला सांगा.

पुढच्या बैठकीत कोणी काय करून पाहिलं आणि कशाचा गुण आला, ते एकमेकींना जरूर सांगा. ते ऐकून पुढच्या वेळी आम्ही त्यात भर घालू. नमस्कार.